मऊ साचे

वाटणीत धाकटीच्या वाट्याला प्लास्टिक आलं.

गोणीभर प्लास्टिक. दह्याचे आणि आइस्क्रीमचे डबे, बिस्किटांच्या खोक्यांतून निघालेले खाचांचे ट्रे, पाइपाचे दोन तुकडे. थोरलीच्या वाट्याला सिलिकॉनचे साचे गेले, सहाच्या सहा. एकेका साच्यात आठ फुलं, पाकळी न् पाकळी कोरलेली. साबण घट्ट झाला की पायमोजा उलटा करावा तसा साचा उलटायचा, फूल अलगद हातात येतं. घरात सगळे त्यांना मऊ साचे म्हणत आणि प्लास्टिकला कडक साचे.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. तेलबिया कुणाच्याच आल्या नाहीत, त्यामुळे दोघा भावांची तेलाची गिरणी आठवड्यातून जेमतेम एखाददोन दिवस फिरायची. विहिरीच्या तळच्या पाण्यावर जगला तो फक्त लसूण. घरोघर आढ्याला लसणाच्या माळा लोंबत होत्या. बंद गिरणीत दोघे भाऊ समोरासमोर बसून एकमेकांच्या चुका उकरायला लागले आणि बघता बघता चुली वेगळ्या झाल्या. हाताला काम नसलं की तोंडाला मिळतं, दुसरं काय.

चालू होता तो एकच उद्योग, दोघी जावांचा साबण. पिंपाच्या तळाशी राहिलेल्या तेलाचा. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनीच तो सुरू केला, आणि हमरस्त्यावरचा लॉज त्यांच्या वेळेपासून खोल्याखोल्यांत ठेवायला हेच फुलांचे साबण घ्यायचा. आता फुलं थोरलीची म्हणजे लॉजही थोरलीचा, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

वाटणी करायला मामेसासरे आले होते. भांडी झाली, पिंपं झाली, पडवीच्या मधोमध पत्रा ठोकायचं ठरलं. साच्यांची वेळ आली तेव्हा धाकटी पहिल्यांदा बोलली. मऊ साचे मला द्या म्हणाली, आणि उजवा तळहात पुढे केला.

त्या हातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत एक पांढरी रेघ होती. सगळे साचे कडक होते तेव्हाची. कडक साच्यात साबणाच्या मागे हवा शिरत नाही, तो तळाला धरून बसतो. मग डबा गुडघ्यावर आपटायचा, पिळायचा, विनवायचा. एका हिवाळ्यात असाच पिळताना डबा तडकला आणि त्याची कड धाकटीच्या हातात घुसली. वरून ओला साबण, त्यात कॉस्टिक, साबणातला कातडी जाळणारा क्षार, अजून जिवंत. ती ओरडली ते गिरणीपर्यंत ऐकू गेलं होतं. टाके पडल्यावर सासूबाईंनी सांगितलं, आता या पोरीला मऊ साचे आणा. शहरात थोरलीचा भाऊ होता, त्यानं ते पाठवले. म्हणजे साचे आले होते ते धाकटीच्या हातासाठी.

मामेसासऱ्यांनी हाताकडे पाहिलं आणि थोरलीकडे पाहिलं.

"भाऊ माझा," थोरली म्हणाली. "आणि साबणात असतं काय हो मामा? साचा ज्याचा, साबण त्याचा. पातेल्यात पळी काय, कुणीही फिरवतं."

पुरुष हसले. मामेसासरे हसले, थोरला हसला, आणि धाकटीचा नवराही, वाटण्या एकदाच्या संपाव्यात म्हणून असेल, पण हसला. धाकटीचा हात पुढे तसाच राहिला होता. तो मागे कसा घ्यावा हे तिला सुचेना. शेवटी पदर सारखा करायच्या निमित्तानं तिनं तो घेतला.

पळी कुणीही फिरवतं. कॉस्टिक पाण्यात सोडायचं की पाणी कॉस्टिकवर ओतायचं, हे न कळल्यानं एकदा थोरलीच्या तोंडावर उडता उडता राहिलं होतं, तेव्हा तिला मागे ओढणारी धाकटीच होती. तेल किती तापलं हे पातेल्याला तळवा लावून सांगणारी तीच. पळीचा माग पृष्ठभागावर टिकतो त्या क्षणी ओतायचं, आधी नाही, नंतर नाही, हे थोरलीला शिकवणारीही तीच. आणि आणखी एक गोष्ट होती, ती मात्र चारचौघांत बोलण्यासारखी नव्हती.

थोरलीला वास येत नव्हता. मागे मोठा ताप आला त्यात तिचं नाक गेलं ते परत आलंच नाही. चुलीपाशी एके दिवशी तिनं ते धाकटीला सांगितलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "बाईमाणसाला दूध करपलेलं कळत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील गं," असं म्हणून ती ढसाढसा रडली होती. धाकटीनं शब्द दिला होता, आणि पाळलाही होता. तेव्हापासून थोरलीचं नाक म्हणजे धाकटी. धाकटी नुसतं "ताई, दूध" म्हणायची की थोरली पातेलं उतरवायची. तेल खवट झालंय का, साबणात गुलाबाचं अत्तर पुरेसं पडलंय का, सगळं धाकटीच्या नाकावर चालायचं. आणि तीच थोरली आज मामांपुढे पळीवर बोलली.

धाकटीनं ठरवलं तेव्हा ती परात घासत होती. तिला राग आवरावासा वाटला नाही. उलट तो नीट जपावा, सांडू नये असं वाटलं.

पत्रा ठोकला जाईपर्यंत थोरली माहेरी जाऊन बसली होती. साचे पडवीतल्या फळीवर होते. दुपारी पुरुष गिरणीत झोपले की धाकटीनं एक माळ उतरवली. पाकळ्या सोलल्या, पाट्यावर वाटल्या, थोड्या तेलात कालवल्या आणि तो लगदा एकेका फुलात भरला. अंगठ्यानं दाबून, कोपरा न् कोपरा. वर ताट झाकून साचे गच्चीवर उन्हात ठेवले. ऊन असं होतं की कवाडाचा पत्राही हाताला चटका देत होता. घराला लसणाचा वास येतच होता, त्यामुळे कुणाचं नाक वर झालं नाही.

ही विद्या तिला सासूबाईंकडून मिळाली होती, तीही चुकून. म्हातारीनं एकदा वाटलेला लसूण शेजारणीच्या फ्रिजात गोठवून ठेवायला मऊ साचाच घेतला, तेव्हाचा सातवा. फुलाफुलाच्या वड्या छान सुटून आल्या म्हणून केवढी खूश झाली होती. मग त्यात साबण पडला, आणि त्या साबणानं ऊन पाण्यात अंघोळ केली की माणूस जेवणाच्या पंगतीतून उठून आल्यासारखा वाटायचा. साचा उकळला, सोड्यात ठेवला, उन्हात टाकला. काही उपयोग नाही. मऊ साचा साबणाला सोडतो, पण वासाला सोडत नाही. "गेला हा," असं धाकटीनं नाक लावून सांगितलं, आणि थोरलीनं तो तिच्या शब्दावर कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवून दिला. अजून तो तिथंच होता.

थोरली परत येण्याआधी धाकटीनं साचे धुतले. आपल्याच साबणानं धुतले, पुसले, चकचकीत केले. देताना म्हणाली, "घ्या ताई. जपून वापरा."

त्यानंतर वाट बघायची होती. साबण ओतला म्हणून लगेच वापरता येत नाही, महिनाभर तरी सुकावा लागतो. सूडालाही तेवढाच वेळ लागणार होता.

तो महिना धाकटीनं प्लास्टिकशी झगडण्यात काढला. डब्यांना आतून तेलाचा हात फिरवून बघितला. कागदाचं अस्तर लावून बघितलं, ते साबणाला चिकटून बसलं आणि नखानं खरवडावं लागलं. शेजारणीच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात डबे ठेवायला नेले, तर शेजारीण म्हणाली, "ठेव बाई, पण माझ्या भाजीला फेस येऊ देऊ नकोस." गारठलेला साबण थोडा आकसतो, मग मांडीवर पोतं घेऊन डबा आपटायचा. एक सुटायचा, दुसऱ्याचा कोपरा डब्यात राहायचा. बिस्किटांचे ट्रे तर एवढे पातळ की साबण आत तापला आणि ते वितळल्यासारखे वाकडे झाले. पाइपातला साबण दांडक्यानं ढकलून काढायचा, तारेनं गोल गोल कापायचा. मांडीवर निळे डाग पडले. हातावरची जुनी रेघ रोज संध्याकाळी ठणकायची.

पत्र्याला एक जोड होता, त्यातून पलीकडचं दिसायचं. बाजेवर फुलंच फुलं मांडलेली असायची, गुलाबी, एकसारखी. थोरली त्यांच्यावरून हात फिरवत गाणं गुणगुणायची. धाकटी बघायची आणि मनात म्हणायची, सुकू दे.

एकदा तिनं आपल्या वड्या टोपलीत घालून लॉजवर नेल्या होत्या. मॅनेजरनं एक उचलली, तुटका कोपरा बोटानं चाचपला आणि विचारलं, फुलाचा नाही का? साबण तोच आहे, हात तोच आहे, असं धाकटी म्हणाली. तो म्हणाला, असेल, पण पाहुण्यांना फूल दिसतं, हात दिसत नाही. उन्हातून टोपली परत आणताना तिला वाटेत दोघातिघांनी विचारलं, घेतला का गं साबण? तिनं सांगितलं, नमुना दाखवायला नेला होता.

मध्ये एका सकाळी थोरली मागच्या दारानं आली. हातात वाटी, वाटीत तेल. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, बघ ना जरा, उतरलंय का हे, खवट झालंय का. अगदी पूर्वीसारखी. धाकटीनं वाटी नाकाशी नेली. तेल चांगलं होतं. तिनं तसं खरं सांगितलं, तेलाबद्दल खोटं बोलणं तिच्या जिभेवर आलंच नाही. थोरली हुश्श करून पायरीवर टेकली. पाठ भरून आलीय म्हणाली, एकटीनं पातेलं उतरवत नाही गं आता. धाकटीला क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. फुलं अजून घरातच होती.

तेवढ्यात थोरलीची नजर सुकत ठेवलेल्या वड्यांकडे गेली. ती हसली. "अगं बाई, उंदरानं कुरतडल्यासारखे दिसतात."

धाकटीही हसली. तिनं वाटी परत दिली आणि काही सांगितलं नाही.

खोकी भरून लॉजवर गेली. पुढच्याच आठवड्यात टेंपोवाला ती परत घेऊन आला. थोरलीच्या दारात उतरवली आणि थोरल्याला सांगायला लागला. धाकटी पत्र्याच्या जोडाला डोळा लावून उभी होती. एक पाहुणा सकाळी ऊन पाण्यानं अंघोळ करून खाली आला म्हणे, आणि काउंटरवर साबण आपटून विचारलं, मला धुतलंय की फोडणी दिलीय? मग दुसरा आला. मग खोल्याखोल्यांतून.

थोरलीनं एक फूल उचलून टेंपोवाल्याच्या नाकापुढं धरलं. गुलाबाचाच येतो ना वास, बघा. कोरडा होता तोवर गुलाबाचाच येत होता. टेंपोवाल्यानं चुलीवरच्या पातेल्यातलं ऊन पाणी घेतलं, त्यावर साबण चोळला आणि हात थोरल्यापुढं केला. थोरल्याचं नाक आयुष्यभर पेंडीत राहून बोथट झालेलं, पण त्यानंही तोंड फिरवलं. मग टेंपोवाला हसला, मग थोरला ओशाळून हसला. थोरली नुसती त्या दोघांच्या तोंडांकडे बघत होती, एकदा याच्या, एकदा त्याच्या. वास कसला आहे ते तिला त्यांच्या चेहऱ्यांवरून वाचायचं होतं.

धाकटीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की तिनं तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटले. सगळ्या आपटलेल्या डब्यांचं, मामांपुढं तशाच राहिलेल्या हाताचं, सगळ्याचं फेडून झालं. संध्याकाळपर्यंत थोरलीला गावानं नाव पाडलं, फोडणीवाली. ते धाकटीनं पाडलं नव्हतं, पण ते सांगायला आलेल्या बाईला तिनं बसायला पाट दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली आली. मागच्या दारानं नाही, पुढच्या. हातात ओलं फूल होतं, नुकतंच ऊन पाण्यात बुडवलेलं. उंबऱ्याच्या आत येऊन ती धाकटीसमोर खाली बसली आणि फूल पुढं केलं.

"कसला वास येतो गं?"

उंबऱ्यापासूनच लसूण येत होता. धाकटीनं फूल हातात घेतलं, नाकाशी नेलं, सावकाश हुंगलं. थोरलीचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते. धाकटीनं चेहरा हलू दिला नाही.

"गुलाबाचा," ती म्हणाली. "लोकांचं काय ऐकता ताई. लॉजवाल्याला दुसरा कुणी मिळाला असेल."

 थोरलीनं फूल परत मागितलं आणि पदरात धरलं.

"लसणाचा आहे," ती म्हणाली. "टेंपोवाल्यानं सांगितलं, यांनी सांगितलं, आज शेजारच्या पोरानंही सांगितलं. वास विचारायला नव्हते आले मी. सासूबाईंचा साचा आठवला मला. कोंबड्यांपुढचा. रात्री विचार केला, माळा टांगलेल्या असतात, चुकून लागला असेल एखाद्या साच्याला. मग म्हटलं, सहाच्या सहा साच्यांना? तरी म्हटलं, विचारून बघू. लसूण म्हणालीस तर चुकूनच झालं असं धरून चालायचं."

धाकटीची नजर आढ्यावरच्या माळांकडे गेली.

"तू गुलाब म्हणालीस," थोरली म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

पुढं जे झालं ते तिनं उजेडात केलं, बायका नळावरून परतायच्या वेळेला. एकेक खोकं उचलून आणलं आणि धाकटीच्या पायरीवर रचलं. शेवटच्या खोक्यावर सहा मऊ साचे ठेवले. बायका घागरी कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलंच, हे काय चाललंय?

"साचा ज्याचा, साबण त्याचा," थोरली म्हणाली. "वाटणीत मीच बोलले होते. साचे हिचे होते, हिच्या हातासाठी आणलेले. मी घेतले, माझं चुकलं. आता साचे हिला दिले, साबणही हिचाच." मग दम घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला वास येत नाही. तापात नाक गेलं माझं. घरच्या माणसालाही ठाऊक नव्हतं. हिला एकटीला ठाऊक होतं."

एवढंच. लसूण हा शब्द तिनं काढलाही नाही. बायकांनी खोक्यांकडे पाहिलं, मग धाकटीच्या घरातल्या आढ्याकडे पाहिलं, जिथं एका माळेची जागा रिकामी होती, आणि घागरी सावरत गेल्या. थोरला आपल्या दारात उभा होता. त्यानं दारातली बायकोची रिकामी घागर स्वतः उचलून घेतली.

धाकटीला साचे हवे होते. साचे मिळाले. तिनं ते उकळले, सोड्यात बुडवले, राखेनं घासले, गच्चीवर ठेवले. प्रत्येक वेळी नाकाशी नेले. तिचं नाक चांगलं होतं, फार चांगलं, दुसऱ्या कुणाला आला नसता तोही वास तिला यायचा. तिनं मनात थोरलीला शिव्या घातल्या. नाक गेलंय म्हणे, आणि दिवसाढवळ्या असा वार करते. सूड उगवायचा तर असा, हेही तिला पटत होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

खोकी उकिरड्यावर टाकायला निघाली तर नवऱ्यानं अडवलं. तो रागावला नाही, ओरडला नाही. मामांपुढं हसला होता तेवढाही तिच्याकडे बघून हसला नाही. एक फूल उचलून न्हाणीत ठेवलं आणि म्हणाला, आम्ही दोघा भावांनी मिळून गाळलेलं शेवटचं तेल आहे हे, फेकायचं नाही, संपेपर्यंत हाच. आणि पहिल्यांदा स्वतःच त्यानं अंघोळ केली.

अंगाला, कपड्यांना, उशीच्या अभ्र्याला, सगळ्याला तोच वास. तिच्या चांगल्या वड्याही कुणी घेईना, कुरतडलेल्या का होईना, पण चांगल्या होत्या. लोक टोपलीपाशी येऊन हसायचे आणि म्हणायचे, आज भाजीत साबण नकोय बाई.

नळाला पाणी दिवसाआड येत होतं. धाकटी घागर घेऊन गेली तेव्हा रांग लांब होती. ती येऊन उभी राहिली तशी पुढची बाई थोडी सरकली. मागची मागं सरकली. कुणी नाकाला पदर लावला नाही, तेवढं गावानं सांभाळलं, पण तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी झाली. ऊन डोक्यावर होतं. अंगाला घाम येईल तसा वास वाढत होता, हे तिला सगळ्यांच्या आधी कळत होतं.

थोरली सगळ्यांत शेवटी आली. रांगेकडे पाहिलं, मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि सरळ येऊन धाकटीला खेटून उभी राहिली. घागर खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले, पूर्वी दोघी यायच्या तेव्हा उभी राहायची तशी. धाकटी मान खाली घालून नळाच्या धारेकडे बघत राहिली. तिचा नंबर आला तरी तिचा पाय उचलेना.

"भर तू आधी," थोरली म्हणाली, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. "सावकाश भर. मला काही त्रास होत नाही."